‘विशेष संदर्भ : शिरूर आणि दौंड’ – व्यवस्थापनाच्या पेपरात सिद्धांत कुठे असतो?

आजचा विषय आहे व्यवस्थापनशास्त्रातल्या संशोधनलेखांमधलं ‘सैद्धांतिक योगदान’. काहींना वाटेल, हे तर पीएच.डी. करणाऱ्यांचं प्रकरण, आपला काय संबंध? संबंध आहे. उसाला दर कमी का मिळतो, रांजणगावच्या कंपनीतला मुलगा नोकरी का सोडतो, याची जी कारणं शास्त्र म्हणून लिहिली जातात, ती वर्गात शिकवली जातात आणि शिकलेली माणसं पुढे त्याच कारणांवर निर्णय घेतात. म्हणून कारण नीट लिहिलंय की नाही, हे तपासणं सगळ्यांच्याच हिताचं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, व्यवस्थापनाचा नाही. पण ‘सिद्धांत’, ‘हेतू’, ‘अनुमान’ हे शब्द आमच्या घरचे आहेत. दुसऱ्याच्या घरी ते कसे वापरले जातात, हे बघण्याचा अधिकार तेवढ्यापुरता मी घेतो.

शीर्षकातला पत्ता

आपल्याकडच्या प्रबंधांचा एक साचा तुम्हाला ठाऊक आहे. ‘निवडक उद्योगांतील कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा चिकित्सक अभ्यास – विशेष संदर्भ : शिरूर तालुका’. नाहीतर ‘ऊस उत्पादकांच्या समस्या व उपाय – विशेष संदर्भ : दौंड तालुका’. आत काय असतं? पहिल्या प्रकरणात तालुक्याचा इतिहास-भूगोल. घोड नदी, भीमा नदी, पर्जन्यमान, लोकसंख्या. दुसऱ्यात पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, म्हणजे ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी यादी. मग प्रश्नावली, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच रकाने. मग टक्केवारी, रंगीत आलेख, एखादी चाचणी आणि शेवटी ‘गृहीतक सिद्ध झाले’. निष्कर्ष असा की पगार वाढला तर समाधान वाढतं. हे सांगायला चार वर्षं लागली.

मी कुणाची थट्टा करत नाही. या मुलांनी उन्हातान्हात फिरून प्रश्नावल्या भरून घेतलेल्या असतात. कष्ट खरे आहेत, म्हणूनच प्रश्न गंभीर आहे. त्या कष्टांतून ज्ञानात भर काय पडली?

एक सोपी कसोटी करून बघा. प्रबंधातला ‘शिरूर’ हा शब्द काढा आणि ‘सांगोला’ घाला. पहिल्या प्रकरणातलं पर्जन्यमान सोडलं तर आणखी काही बदलावं लागतं का? युक्तिवाद बदलतो का? नसेल बदलत, तर शिरूर हा त्या अभ्यासाचा संदर्भ नव्हताच, तो नुसता पत्ता होता. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे : ठिकाण जोवर शीर्षकात आहे तोवर तो पत्ता, ते ‘का’ या प्रश्नाच्या उत्तरात काम करू लागलं, की सिद्धांताला सुरुवात होते.

परदेशी परीक्षक काय म्हणतात

ही तक्रार फक्त आपल्याकडचीच नाही. 1989 साली डेव्हिड व्हेटन यांनी ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू’मध्ये याच प्रश्नावर एक छोटा लेख लिहिला. ते तिथे संपादकाचं काम करत होते, त्यामुळे कोणते लेख परत जातात हे त्यांना रोज दिसत होतं. ते म्हणतात, सिद्धांतात चार गोष्टी लागतात. कोणते घटक, ते एकमेकांशी कसे जोडलेले, का जोडलेले, आणि हे कुठे, केव्हा, कुणाच्या बाबतीत लागू. यातला ‘का’ हा गाभा. जुन्या यादीत एक घटक वाढवला, एवढ्यानं भर पडत नाही. जुनं मॉडेल नव्या गावी नेलं आणि तिथेही ते तसंच चाललं, यानंही फारसं काही शिकायला मिळत नाही. नव्या गावात असं काही असलं पाहिजे, ज्यामुळे ते मॉडेल तिथे चालू नये अशी शंका यावी. तेव्हा तिथे जाण्याला अर्थ.

1995 साली रॉबर्ट सटन आणि बॅरी स्टॉ यांनी उलट्या बाजूनं मांडणी केली, सिद्धांत काय ‘नाही’ ते सांगितलं. संदर्भांची यादी, आकडेवारी, चलांची नावं, बाणांच्या आकृत्या आणि गृहीतकं, या पाचांपैकी एकही स्वतःहून सिद्धांत नाही. आपल्या साच्यात नेमक्या याच पाच गोष्टी असतात! (हशा) पाचही आहेत आणि सहावी नाही. 2011 साली केव्हिन कॉर्ली आणि डेनिस जिओया यांनी आणखी दोन निकष पुढे ठेवले. सांगितलेलं नवं आहे का, आणि ते उपयोगी आहे का. उपयोग शास्त्राला आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाही.

हे सगळं ठीक. पण ‘का’ नेमका शोधायचा कसा, हे या लेखांतून विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. तिथे मला आमच्या घरचं एक हत्यार उपयोगी वाटतं.

ओलं चिपाड

न्यायदर्शनातलं अनुमान सगळ्यांनी ऐकलेलं असतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसं स्वयंपाकघरात. यात पाच पायऱ्या : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आपल्या साच्यातल्या प्रबंधात प्रतिज्ञा असते, उदाहरणं तर तीनशे असतात, निगमनही असतं. हेतू मात्र गायब.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. उलटं करून बघा, ‘जिथे अग्नी तिथे धूर’. बरोबर आहे का? नाही. लोहाराच्या भात्यापुढचा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कधी येतो? इंधन ओलं असेल तेव्हा. या ‘ओल्या इंधना’ला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. नियमाच्या आत लपून बसलेली अट. उदयनाचार्यांपासून गंगेशापर्यंत या उपाधीवर केवढा खल झाला आहे! कुणी नियम सांगितला की त्यातली उपाधी दाखवायची, हा वादातला मोठा पराक्रम मानला जायचा.

दौंडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. केडगाव, यवतच्या बाजूला गुऱ्हाळावर जाऊन बघा. चुलवाणात वाळलेलं चिपाड पडलं तर जाळ कसा स्वच्छ उठतो, आणि ओलं पडलं की धुराचे लोट. आग तीच, चुलवाण तेच. फरक चिपाडाच्या ओलीचा.

माझं म्हणणं असं : सैद्धांतिक योगदान म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नियमातली उपाधी शोधणं. ज्यानं नियम लिहिला त्याच्या गावी सगळंच चिपाड ओलं होतं. त्यामुळे ओल ही अट आहे हे त्याला दिसलंच नाही. तुमच्या गावी चिपाड कोरडं आहे, म्हणून तुम्हाला ते दिसू शकतं. गावाचा उपयोग इथे आहे.

आता दोन उदाहरणं घेऊ, एक उसाचं आणि एक एमआयडीसीचं.

साखर कारखान्याचे दोन सिद्धांत

सहकारी साखर कारखाना ही महाराष्ट्रानं जगाला दाखवलेली संस्था. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेला सुरू झालेला कारखाना 1950 च्या सुमाराचा. शेतकरीच मालक, शेतकरीच माल पुरवणारा, आणि एका सभासदाला एक मत. आपल्या दोन तालुक्यांतही पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा हे याच परंपरेतले.

या संस्थेवर गंभीर काम झालं ते मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्राकडून. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला, त्यांचं पुस्तक 1980 चं. कॅनडातले डोनाल्ड अ‍ॅटवुड दौंडच्या शेजारी, बारामतीजवळच्या माळेगाव भागात राहिले. त्यांचं ‘रेझिंग केन’ 1992 साली आलं. प्रश्न दोघांच्याही समोर होता : देशात इतरत्र सहकार कोलमडतो, मग पश्चिम महाराष्ट्रात का टिकला? उत्तराचा गाभा असा की इथे मोठ्या आणि छोट्या बागायतदाराला एकमेकांची गरज होती. कारखाना पूर्ण क्षमतेनं चालवायला मोठ्याचा ऊस पुरत नाही, छोट्याचाही लागतो. आणि छोट्याकडे मत आहे. म्हणून मिश्र सभासदत्व ही ताकद.

मग 2001 साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांचा पेपर आला. महाराष्ट्रातले जवळपास 100 सहकारी कारखाने, 1971 ते 1993 चा काळ. त्यांचा ‘का’ बघा किती नेमका आहे. कारखान्यात टनाला दर सगळ्यांना सारखा. त्यामुळे मोठ्या बागायतदाराच्या हाती कारभार असला तरी स्वतःला जास्त दर घेता येत नाही. मग तो काय करेल? सगळ्यांचाच दर थोडा खाली ठेवेल, त्यातून कारखान्याकडे पैसा साठेल आणि त्या साठ्यावर ताबा मोठ्यांचा. असा दर पाडणं फायद्याचं केव्हा? जेव्हा नियंत्रण मोठ्यांकडे आहे आणि बराचसा ऊस छोट्यांचा आहे, म्हणजे सभासद मिश्र आहेत तेव्हा. सगळेच मोठे असतील तर कुणाचा दर पाडणार? सगळेच छोटे असतील तर पाडणार कोण? म्हणजे जमिनीची विषमता जास्त तिथे दर कमी आणि गाळपक्षमताही कमी. आकडेवारीतून ते हे दाखवतात.

याला मी सैद्धांतिक योगदान म्हणतो. ‘महाराष्ट्र’ काढून दुसरं काही घाला, युक्तिवाद कोसळतो. कारण सारखा दर आणि एक मत या इथल्या नियमांवरच तो उभा आहे. आणि तरीही तो इथेच अडकून राहत नाही. जिथे जिथे सभासद असमान आणि वाटपाचा नियम समान आहे, त्या सगळ्या संस्थांबद्दल तो बोलतो.

आता टीका. एक म्हणजे, कारखान्याकडे साठलेल्या पैशातून या पट्ट्यात शाळा, महाविद्यालयं, दवाखाने उभे राहिले. ते मोठ्यांनी घेतलेलं लोणी आहे की छोट्यांच्या मुलांनाही मिळालेला वाटा? बहुधा दोन्ही, पण किती आणि कुणाला, हे ठरवल्याशिवाय ‘वळवलेला पैसा’ या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. दुसरं म्हणजे, एकाच मिश्रणातून अ‍ॅटवुड-बाविस्करांना सहकाराचं बळ दिसतं आणि या चौघांना दरातली घट दिसते. दोन्ही खरं असू शकतं. संस्था टिकते का, हा एक प्रश्न. त्या टिकण्याची किंमत कोण मोजतो, हा दुसरा.

तिसरा मुद्दा दौंडचा, आणि तो इथल्या विद्यार्थ्यानं उचलावा असा आहे. दर पाडता येतो तो शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून. इथे शेतकऱ्यापुढे गुऱ्हाळ आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली ‘बाहेर पडणं’ आणि ‘आवाज उठवणं’ अशी जोडी मांडली होती. गुऱ्हाळ म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा. मग प्रश्न विचारा : गुऱ्हाळं दाट आहेत त्या गावांत विषमता असूनही दर टिकतो का? की उलटच घडतं? ज्याला घाई आहे, पैशाची निकड आहे, तो गुऱ्हाळाला ऊस घालून मोकळा होतो आणि वार्षिक सभेत भांडायला उरतच नाही. मग आत राहिलेल्यांचा आवाज आणखी क्षीण होतो. दोन्ही शक्यता तर्काला धरून आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. असा प्रश्न म्हणजे अर्धा सिद्धांत हातात आला.

त्यात काळही बदलला आहे. 1998 मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, खासगी कारखाने आले. आलेगावचा दौंड शुगर त्यातलाच. 2009-10 च्या हंगामापासून एफआरपी आली, म्हणजे दराला कायद्याचा तळ मिळाला. 1993 ला थांबलेली आकडेवारी या जगाची नाही. दर पाडता येत नसेल, तर तीच ओढाताण आता कुठे सरकली? हप्ता उशिरा मिळण्यात? तोडणीची पाळी कुणाची आधी लागते त्यात? तोडणी-वाहतुकीच्या कपातीत? पाळीचं राजकारण गावात पोरालाही ठाऊक असतं. पेपरात ते कारण म्हणून कोण लिहिणार?

रांजणगावचा मुलगा नोकरी का सोडतो

दुसरं उदाहरण. लोक नोकरीत का टिकतात, यावर 2001 साली टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची कल्पना मांडली. नोकरी सोडण्याची कारणं फक्त पगार आणि समाधान यांत शोधू नका, माणूस किती रुजलेला आहे ते बघा. त्याचे लागेबांधे, जुळणी आणि सोडून गेल्यास गमवावं लागेल ते. हे रुजणं नोकरीतलं असतं आणि राहत्या ठिकाणचंही. गावात घट्ट रुजलेला माणूस नोकरी सहसा सोडत नाही.

यात उपाधी कुठे आहे? शोधा. नोकरी बदलायची तर बहुधा गावही बदलावं लागेल, असं त्यात गृहीत आहे. आता आपला पुणे–नगर रस्ता डोळ्यासमोर आणा. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिकरापूर, रांजणगाव. एकाच रस्त्यावर कारखान्यांची रांग. शिरूरचा मुलगा घर न सोडता तीन कंपन्या बदलू शकतो. त्यात त्याची दोन एकर जमीन आहे, भाड्यानं दिलेल्या चार खोल्या आहेत, गावात भावकी आहे. तो गावात जितका रुजलेला, तितका कंपनीतून मोकळा. ‘जमलं नाही तर जाऊ घरी’, असं म्हणायची सोय त्याला जमिनीनं दिलेली आहे. उलट मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार इथे रुजलेला नाही, खोलीचं भाडं चढतंय. सिद्धांताप्रमाणे त्यानं आधी जायला हवं, पण तोच कदाचित चिकटून राहील.

हे मी सिद्ध केलेलं नाही. हे अनुमान आहे आणि ते चुकूही शकतं. पण असं मांडलं की पेपरात शिरूर काम करू लागतं. हाच विद्यार्थी, हीच प्रश्नावली, एवढेच कष्ट. फक्त तिच्यात जमीन किती, खोल्या किती, शेवटच्या नोकरीचं गेट घरापासून किती अंतरावर, हे तीन प्रश्न घातले असते आणि ते का घातले याचं कारण आधी लिहिलं असतं, तर!

सिद्धांताचा अतिरेक

आता नाण्याची दुसरी बाजू. मोठ्या जर्नल्सनी सिद्धांताचा एवढा आग्रह धरला आहे की तोही एक साचाच झाला आहे. डोनाल्ड हॅम्ब्रिक यांनी 2007 साली हीच तक्रार केली : प्रत्येक लेखात सिद्धांत हवाच, हा हट्ट या शास्त्राला महाग पडतोय. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी 1950 साली आकडेवारीनं दाखवला. आतली यंत्रणा तेव्हा पुरती कळलेली नव्हती. ‘तुमचं सैद्धांतिक योगदान काय?’ असं विचारून कुणी तो लेख परत पाठवला असता तर?

म्हणून पाळीचं, हप्त्याचं, कपातीचं पाच हंगामांचं प्रामाणिक टिपण हे ओढूनताणून लावलेल्या सिद्धांतापेक्षा मोलाचं. फक्त त्याला टिपण म्हणा. तीन परदेशी नावं चिकटवून त्याचा सिद्धांत करू नका.

आणि वाईट सिद्धांत नुसता निरुपयोगी नसतो, तो घातक असतो. सुमंत्र घोषाल यांचा 2005 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला लेख हेच सांगतो. माणूस स्वार्थीच असतो असं व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलं, तर शिकलेले व्यवस्थापक माणसाला तसंच वागवतात आणि माणसं हळूहळू तशी होतात. डोंगराला अनुमान ऐकू येत नाही. माणसाला येतं. ‘स्थानिक मुलांना कामाची शिस्त नसते’ असं कारण एकदा पेपरात ‘सिद्ध’ झालं, की स्थानिकांना न घेण्याला शास्त्राचा आधार मिळतो. जमिनीचं कारण कुणी शोधलंच नाही, त्याची किंमत मोजतो तो रांजणगावच्या गेटवर उभा असलेला मुलगा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, आमच्याकडे मोठी ग्रंथालयं नाहीत, जर्नल्स विकत घेणं परवडत नाही. तालुक्याच्या अभ्यासातून सिद्धांत निघू शकतो का?

उत्तर : शिरूर तालुक्यातलंच इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली वस्ती, घोड नदीकाठी. खापरं, घरांची जोती, पुरलेली माणसं, ही सामग्री. मधुकर ढवळीकर यांनी पाच खोल्यांचं एक घर आणि त्याच्या लगतचं धान्यकोठार एकत्र वाचलं आणि विचारलं, कोठाराशेजारी राहणारा हा कोण? त्यातून वस्तीला प्रमुख होता आणि धान्य गोळा करून वाटण्याची काही व्यवस्था असावी, ही मांडणी उभी राहिली. पुढे चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. हवामान कोरडं होत गेल्याशी त्यांनी ते जोडलं. यावर वाद झाले, होतील. पण वाद घालावा असं काहीतरी मांडलं गेलं, तेही एका गावातून. हॉथॉर्नही शेवटी एकच कारखाना होता. गाव लहान असण्यानं अडत नाही, प्रश्न लहान असला की अडतं.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणतात, साच्याबाहेर गेलात तर प्रबंध अडकेल. मग काय करायचं?

उत्तर : साचा ठेवा. पाच प्रकरणं ठेवा, टक्केवारीही ठेवा. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दोन पानं जास्तीची लिहा. ज्या सिद्धांतावर उभे आहात, तो एका वाक्यात. तो ज्या गावी लिहिला गेला तिथे काय गृहीत होतं, ते दुसऱ्या वाक्यात. आपल्या तालुक्यात त्यातलं काय नाही, ते तिसऱ्यात. आणि त्यामुळे निष्कर्ष कसा बदलायला हवा, ते चौथ्यात. एवढी दोन पानं लिहिली म्हणून अडवलेला प्रबंध माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि चौथं वाक्य लिहिता येत नसेल, तर प्रश्नावल्या छापायची घाई करू नका. आधी आठ दिवस गुऱ्हाळावर जाऊन बसा.